मावशीच्या डिकीतलं सामान

जुन्या वस्तूचं मूळ रूप ही पुढच्या पिढ्यांची ठेव असते आणि तिला हात लावणारा माणूस इतिहासाचा गुन्हेगार ठरतो. हे वाक्य प्राध्यापकांनी जुन्या मोटारींच्या मंडळाच्या वार्षिक सभेत उभं राहून, चष्मा काढून उच्चारलं होतं. टाळ्या पडल्या. त्यांच्याच ठरावावरून त्या सभेत एका सभासदाला मंडळातून काढण्यात आलं, कारण त्याने आजोबांच्या मोटारीला नव्या आवाजाचा भोंगा बसवला होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्राध्यापकांनी स्वतःच्या मोटारीच्या डिकीला खालून कढई बसेल एवढं भोक पाडून घेतलं.

प्राध्यापक कॉलेजात इतिहास शिकवत आणि मंडळाचे उपाध्यक्ष होते. मोटार काळी, पाठीला पोक आलेली, चार सिलिंडरांची आणि वयाने प्राध्यापकांहून मोठी. ती त्यांच्या वडिलांची. वडिलांची प्रत्येक सुट्टी तिच्याखाली उताणं पडण्यात जायची, म्हणून आई तिला 'माझी सवत' म्हणायची. आईच्या सवतीला मुलांनी काय म्हणावं हा नाजूक प्रश्न शेजारच्या काकूंनी सोडवला, आणि तेव्हापासून घरात तिला मावशी म्हणतात.

मावशीचं सगळं मूळचं होतं. मूळचा रंग, मूळचे दिवे, मूळचा उकाडा. इंजिनाची धग पायांना लागायची, टपाची डोक्याला, आणि मधल्या माणसाची सोय काळ्या रेक्झिनच्या सीटने केलेली होती.

"हिवाळ्यात काही त्रास होत नाही," प्राध्यापक म्हणत.

"हिवाळ्यात ती सुरूच होत नाही," त्यांची बायको म्हणे.

त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळं जग त्यांना बाई म्हणायचं, आणि चार लोकांत प्राध्यापकही. बाई भांडताना आवाज चढवत नसत. पायऱ्या मांडत. त्या वर्षी परीक्षेचे पेपर तपासायचं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं, तेव्हा एका सकाळी त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि टेबलावर बोट टेकवलं.

"पहिली गोष्ट. इमारतीत गाडी लावायला आपल्याला जागा एकच आहे. दुसरी गोष्ट. मला भर दुपारी केंद्रावर जायचं असतं. तिसरी. तुमच्या मावशीतून उतरले की लोक मला विचारतात, बाई, पोहून आलात का? म्हणून मी एक छोटी पांढरी गाडी बघितलीय. एसीवाली. आणि मावशीला गिऱ्हाईकही बघितलंय."

"गिऱ्हाईक?"

"लग्नाला गाड्या भाड्याने देतो तो. चांगला माणूस आहे. फक्त रंग बदलीन म्हणाला."

"कुठला रंग?"

"गुलाबी."

प्राध्यापकांच्या हातातलं बिस्किट चहात गळून पडलं.

"फिका गुलाबी," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. माणूस अगदीच पडला की त्याला त्या ग्रेसचे मार्क देत असत.

प्राध्यापकांनी मग इतिहास काढला, वडील काढले, स्वतःचं बालपण काढलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. तपासणीच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी, मावशीने त्यांना घरापासून केंद्राच्या फाटकापर्यंत घामाचा एक थेंबही न येता पोचवायचं. पोचवलं, तर बाई जन्मात मावशीबद्दल ब्र काढणार नाहीत. थेंब आला, तर गुलाबी.

"मावशीला एसी बसवीन!" प्राध्यापक म्हणाले. हे ते बोलून गेले खरे, पण बोलल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी मंडळाचं ऐकत तर नाही ना.

मावशीला हात लावायचा अधिकार वडिलांच्या वेळेपासून एकट्या उस्तादांचा होता. उस्तादांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि उस्तादांची मतं. एसीचं नाव काढताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, हे इंजिन तुमच्या वडिलांनी मला हात जोडून सोपवलंय. ह्याच्यात जेवढे घोडे होते, त्यातले निम्मे वारले. उरलेल्यांना दम लागतो. त्यांच्याकडून तुम्ही आता बर्फ ओढून घेणार?"

"जमणारच नाही का?"

"जमणार नाही असं उस्ताद कधी म्हणत नाही," उस्ताद म्हणाले. प्राध्यापकांच्या बहुतेक संकटांचा उगम ह्या वाक्यात होता.

थंडीची बाजू सांभाळायला कोपऱ्यावरचा फ्रिज दुरुस्त करणारा गाठला. त्याला गल्लीत सगळे कूलिंग म्हणत. जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे एकतर बिघडलेला फ्रिज किंवा बिघडायचा राहिलेला, अशी त्याची धारणा होती. त्याने मावशीची चारी दारं उघडून लावून पाहिली, आत डोकं घातलं, हुंगलं आणि विचारलं, "आत काय ठेवणार?"

"माणसं."

"मग फार थंड नको. नासणार नाहीत."

"अरे ए," उस्ताद म्हणाले, "हे कपाट नाही. मोटार आहे."

"दार आहे, रबर नाही, आतली हवा बाहेर जाते. आमच्यात ह्याला फ्रिजच म्हणतात, फक्त खराब."

तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी प्राध्यापकांच्या मार्फत बोलू लागले. "साहेब, त्याला सांगा, पट्टा सैल आहे." "साहेब, त्याला म्हणावं, पट्टा बरोबर आहे, डोकं सैल आहे." हे दोघंही हाताच्या अंतरावर, एकाच बॉनेटखाली वाकलेले असत, आणि मध्ये उभे राहून प्राध्यापक निरोप पोचवत.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. कॉम्प्रेसर आणून मावशीच्या इंजिनाला पट्ट्याने जुंपला. मावशी सुरू झाली. सगळे आनंदले. कूलिंगने बटण दाबलं. इंजिनाने एक दीर्घ उसासा टाकला, सबंध मोटार एकदा नखशिखान्त शहारली आणि तिने मान टाकली.

"काय झालं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"अपमान झाला," उस्ताद म्हणाले.

मग उस्तादांनी इंजिनाचा वेग वाढवून ठेवला. आता मावशी बंद पडेना, पण थांबेनाही. चौकातल्या लाल दिव्यापाशी ब्रेकवर उभी केली, की ती लग्नघाईने पुढे सरकायची, आणि प्राध्यापक दोन्ही पाय ब्रेकवर देऊन, शेजारच्या स्कूटरवाल्याकडे पाहून हसत राहायचे. त्यातच इंजिन तापायला लागलं. काटा लाल रेघ ओलांडून पलीकडे जिथे काही लिहिलेलंच नव्हतं तिथे जाऊन बसला. ह्यावर उस्तादांकडे उपाय होता. मावशीला थंडीच्या दिवसांसाठी हीटर होता. तो पूर्ण सोडला, तर इंजिनातली उष्णता गाडीत येते आणि इंजिन थंड राहतं.

"म्हणजे गाडी थंड करायला एसी, आणि एसीमुळे तापलेलं इंजिन थंड करायला हीटर?" प्राध्यापकांनी विचारलं.

"बरोबर. तुम्ही शिकलेले, लगेच समजलं."

असे ते इमारतीभोवती दोन फेऱ्या मारून आले. वरून हिमालयाचा वारा, खालून भट्टी. प्राध्यापकांचं नाक गळू लागलं आणि पोटऱ्या भाजल्या. मागे आई बसली होती. तिने गुडघे पुढे केले आणि डोळे मिटले.

"छान शेक बसतोय रे," ती म्हणाली. "हे असंच राहू दे."

इमारतीत एव्हाना बातमी झाली होती. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहत. मोटारीशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत स्वच्छ होतं. ते रोज सकाळी दुधाची पिशवी हातात धरून मावशीपाशी उभे राहत आणि दूध तापायला लागेपर्यंत सल्ला देत. टपावर ओलं पोतं टाका. टप पांढरा रंगवा. टपच काढून टाका. "तुम्ही मुळात प्रश्नच चुकीचा घेतलाय," ते म्हणत, "बाईंनाच केंद्र बदलून घ्यायला सांगा." हे ते बाईंच्या देखत कधी म्हणाले नाहीत.

गारवा गाडीतून निसटतोय कुठून, ते शोधायचं कूलिंगने मनावर घेतलं. त्याची पद्धत सोपी होती. आत डास पळवायच्या कॉइल पेटवायच्या, दारं लावायची आणि धूर कुठून येतो ते बघायचं. धूर कुठून येत नाही, ते सांगणं सोपं गेलं असतं. दारांच्या फटींतून, काचांच्या कडांतून, बॉनेटमधून, मागच्या दिव्यांतून, एवढंच काय, भोंग्यातूनसुद्धा धूर निघू लागला. प्राध्यापक खडूने खुणा करत गाडीभोवती ओणवे फिरत होते. तेवढ्यात ऑडिटर "आग! आग!" करत बादली घेऊन धावत आले आणि त्यांनी चुकून उघडी राहिलेली एकमेव गोष्ट, म्हणजे पुढच्या दाराची काच, बरोबर हेरून आत पाणी फेकलं.

"वाचवली!" ते म्हणाले.

पुढच्या सीटवर प्राध्यापकांची मध्ययुगावरची टिपणं होती. मध्ययुग त्या दिवशी वाहून गेलं. पण ऑडिटरांना धन्यवाद द्यावे लागले, कारण खाली सगळी इमारत जमली होती आणि टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी खडूच्या खुणांनी भरलेल्या मावशीच्या कडेला सगळे हताश बसले. फटी बुजवता आल्या असत्या. पण इंजिनाचं काय? ते चढावर एसी ओढेना, उतारावर आवरेना. बाई बाल्कनीतून खाली पाहत होत्या. त्यांच्या हातात छोट्या पांढऱ्या गाडीचं रंगीत माहितीपत्रक होतं आणि त्याने त्या स्वतःला वारा घालत होत्या.

तेव्हा आई म्हणाली, "अरे, एकाच बाईला धुणं आणि स्वयंपाक दोन्ही सांगितलं, तर ती जाईलच सोडून. दुसरी बाई ठेवा."

उस्तादांनी कूलिंगकडे पाहिलं. कूलिंगने उस्तादांकडे पाहिलं. कित्येक दिवसांत ते पहिल्यांदा थेट बोलले.

"डिकीत," उस्ताद म्हणाले.

"पंपाचं छोटं इंजिन," कूलिंग म्हणाला. "आहे माझ्याकडे पडलेलं."

पुढे ही कल्पना आपली होती, असं दोघांनीही शपथेवर सांगितलं, आणि ऑडिटर तर आजही लोकांना सांगतात, की ती त्यांनी दुधाच्या वेळी सुचवली होती.

मावशीच्या डिकीत अशा रीतीने दुसरं इंजिन बसलं. शेताला पाणी द्यायचं, पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. ते कॉम्प्रेसर फिरवणार, पुढचं म्हातारं इंजिन चाकं फिरवणार, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्याची हवा आत आणि धूर बाहेर जाण्यासाठी खाली ते कढईएवढं भोक पाडलं. ते पाडताना प्राध्यापक तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे होते. फटींना रबर लागलं. बटण राखदाणीच्या झाकणाखाली लपवलं, म्हणजे मंडळाला संशय नको. गारव्याचं साचणारं पाणी एका नळीने बाहेर काढायचं होतं, पण ती नळी कुठेतरी चुकली आणि चालवणाऱ्याच्या डाव्या बुटावर उघडली.

दोरी ओढणं हे मात्र कसब होतं. पाय रोवायचा, श्वास धरायचा आणि एका झटक्यात ओढायची. पहिल्या खेपेला प्राध्यापकांचं कोपर मागे उभ्या असलेल्या ऑडिटरांच्या दुधाच्या पिशवीवर बसलं. ह्या एका अपघाताबद्दल प्राध्यापकांना आजही पुरेसं वाईट वाटत नाही.

मावशी आतून गार झाली. खरोखर गार. कूलिंगने थर्मामीटर लावला आणि म्हणाला, "लोणी ठेवा."

आता उरलं परिवहन खातं. मोटारीत बदल केला तर कळवावं लागतं, आणि प्राध्यापक नियम पाळणारे. ते मावशीला घेऊन गेले. तपासणीच्या साहेबांनी बॉनेट उघडलं, समाधानाने मान हलवली, डिकी उघडली आणि मान हलवायचे थांबले.

"हे काय?"

"इंजिन."

"मग पुढे काय आहे?"

"तेही इंजिन."

साहेबांनी पेन खिशाला अडकवलं. "गाडी एक आहे की दोन?"

"एकच. हे लहान इंजिन चाकं फिरवत नाही."

"मग फिरवतं काय?"

"थंडी."

साहेबांनी त्यांना इंजिनांच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, आमच्याकडे एका गाडीला एक इंजिन, दुसरं लावायचं तर आधी पहिलं काढा. प्राध्यापकांनी त्यांना यंत्रयुगाच्या आरंभापासून समजावायला घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या लोकांनी कळवळून त्यांना मोठ्या साहेबांकडे पाठवलं. मोठे साहेब पंख्याखाली डोळे मिटून बसले होते. त्यांनी सगळं डोळे मिटूनच ऐकलं.

"ते डिकीत बोल्टवर बसवलंय?"

"हो."

"बोल्ट काढले की निघतं?"

"निघतं."

"मग ते सामान आहे."

"पण साहेब, ते चालू असतं."

मोठ्या साहेबांनी एक डोळा उघडला. "सामानाने बंद असावं, असं कुठे म्हटलंय?"

प्राध्यापक तिथून निघाले तेव्हा त्यांची मान अशी ताठ होती, की पायऱ्या दिसल्या नाहीत. पण त्या दिवशी ते पडले तेही रुबाबात.

पेपर तपासणीचा पहिला दिवस उजाडला तोच भाजत. दुपारी रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. बाई शाळेच्या परीक्षेच्या पेपरांची पिशवी घेऊन खाली आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, शुभ्र रुमाल घडी न मोडता मांडीवर ठेवला. हा रुमाल परीक्षक होता. मागे आई बसली, गुडघ्यांवर शाल घेऊन. प्राध्यापकांनी डिकीतली दोरी ओढली. इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्यांतून लोक पाहत होते.

"ऑल द बेस्ट!" ऑडिटर ओरडले. "काही झालं तर बादली आहे!"

मावशी निघाली. पुढे म्हातारीचा खोकला, मागे पंपाची टकटक. अर्ध्या वाटेवर प्राध्यापकांचा डावा बूट पाण्याने भरला, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. बाई समोर पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून पेपर काढला आणि तपासायला लागल्या. घरी हे त्यांना कधीच जमत नसे, तिथे कुकर, टीव्ही आणि दारावरची बेल. प्राध्यापकांना हे शुभचिन्ह वाटलं.

पुलावर वाहनं तुंबली. पुढे खुर्च्यांनी भरलेला ट्रक आडवा झाला होता आणि सबंध पुलावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या विखुरल्या होत्या. मावशी थांबली. मागे, पुढे, शेजारी गाड्याच गाड्या, आणि वर सूर्य, जणू ह्याच पुलावर बदली होऊन आलेला. मावशीचं म्हातारं इंजिन काही वेळ तग धरून होतं. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली, आत कोणीतरी भरल्या बादलीत वीट टाकावी तसा आवाज झाला, आणि ते बंद पडलं.

प्राध्यापकांनी स्टिअरिंग सोडलं. डोळ्यांपुढे मावशी आली. गुलाबी. टपावर कागदी फुलं. आत कुणीतरी अनोळखी नवरा.

"संपलं," ते म्हणाले.

"काय संपलं?" बाईंनी पेपरावरून नजर न उचलता विचारलं.

"इंजिन बंद पडलं."

"हो का? मला थंडीच वाजतेय," बाई म्हणाल्या. "आई, शाल जरा इकडे द्या."

डिकीत टकटक चालूच होती. पुढची म्हातारी गेली तरी मागच्या बाईने काम सोडलं नव्हतं. शेजारच्या नव्या गाड्यांची माणसं इंजिन तापेल म्हणून एसी बंद करून, काचा खाली करून, माशांसारखी तोंडं काढून बसली होती. आणि मावशीच्या काचांवर आतून धुकं धरलं होतं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर मिशा दिसल्या. त्या मंडळाच्या चिटणिसांच्या मिशा होत्या. त्यांना सगळे कर्नल म्हणत. ते सैन्यात कधीच नव्हते, पण मिशांना ते पद शोभत होतं. त्यांची जुनी मोटार, शंभर टक्के मूळ रूपातली, मागे चार गाड्या सोडून उकळत उभी होती. कर्नलांच्या मिशांच्या टोकांवरून घाम ठिबकत होता.

प्राध्यापकांनी काच बोटभर खाली केली. आतला गारवा कर्नलांच्या चेहऱ्यावर आदळला.

"प्राध्यापक," ते दरडावून म्हणाले, "मला दोन इंजिनांचा आवाज येत होता."

"एक बंद पडलं."

"मग हा येतोय तो कुणाचा?"

"सामानाचा," प्राध्यापक म्हणाले. "खात्याचा तसा निर्णय आहे."

कर्नल छाती भरून काहीतरी बोलणार, तोच मागून त्यांना कुणीतरी बाजूला सारलं. त्या कर्नलवहिनी होत्या. चेहरा लालबुंद, हातातली पर्स पंख्यासारखी हलत होती.

"बाई, आत जागा आहे?"

"या ना वहिनी!"

"अगं, पण हे मूळ रूपात नाही!" कर्नल कळवळले.

"मीही नाही," वहिनी म्हणाल्या. "मला तुम्ही आणलं तेव्हा मी अशी शिजलेली नव्हते." आणि त्या मागच्या सीटवर बसल्या. बसल्यावर त्यांनी जो 'आहाहा' केला, तो पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा, कारण तिथून एक वाहतूक पोलीस आला. तो गाडी हलवा म्हणायला आला होता. त्याने काच पूर्ण खाली करायला लावून डोकं आत घातलं आणि ते पुष्कळ वेळ बाहेर काढलं नाही.

"इथे गाडी उभी करता येणार नाही," तो डोळे मिटून म्हणाला. "पण घाई नाही."

शेवटी खुर्च्या उचलल्या गेल्या, रस्ता मोकळा झाला. बाकी सगळं हललं, मावशी हलेना. केंद्र पुलाच्या पलीकडे, उताराच्या तळाशी होतं. फाटक दिसत होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गुलाबी रंग होता का, हे प्राध्यापकांना कळलं नाही. ते दार उघडून उतरले.

"कर्नल," ते म्हणाले, "ढकलायचं."

"मी?"

"तुमची बायको आत आहे."

कर्नलांनी आत पाहिलं. वहिनी मागून पुढे येऊन स्टिअरिंगवर बसल्या होत्या. कर्नलांच्या मोटारीच्या स्टिअरिंगला त्यांना आजवर फक्त पुसायला हात लावता आला होता. आता त्यांनी दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं होतं आणि चेहऱ्यावर असं तेज होतं, की कर्नल मुकाट्याने मागे गेले. पोलिसानेही खांदा लावला. पाहता पाहता खुर्च्यांच्या ट्रकचे हमाल आले, तोंडं काढून बसलेले नव्या गाड्यांचे मालक आले. एवढ्या उन्हात एवढे लोक एका जुन्या मोटारीला का ढकलत होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. काहींना वाटलं, आत कुणी आजारी आहे. काहींना वाटलं, आत कुणी मंत्री आहे.

"अजून जोरात!" वहिनी काचेतून ओरडल्या. "ब्रेकची भीती बाळगू नका, मला तो सापडलेला नाही!"

मावशी उताराला लागली. ढकलणारे मागे पडले, मग धावू लागले. प्राध्यापक सगळ्यांत पुढे होते, एक बूट पाण्याने भरलेला, एक कोरडा, त्यामुळे धावण्यात एक ताल होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने धडधडत येणारी काळी मोटार पाहिली आणि दोन्ही दारं सताड उघडून बाजूला उडी मारली. वहिनींना ब्रेक अगदी वेळेवर सापडला. मावशी केंद्राच्या पायरीपाशी जाऊन, दमलेल्या पाहुण्यासारखी, अलगद थांबली. डिकीत सामान चालूच होतं.

दार उघडलं. बाई उतरल्या. खांद्यावर शाल होती. पायऱ्यांवर उभे असलेले, घामाने निथळणारे सगळे परीक्षक पाहत राहिले. बाईंनी हातातला घडीचा रुमाल उलगडला, कपाळ टिपलं, मान टिपली आणि नवऱ्यापुढे धरला. कोरडा. कडक इस्त्रीचा.

"हे चालत नाही," कर्नल धापा टाकत म्हणाले. "इंजिन तर पुलावर बंद पडलं. ही गाडी चालून आलेली नाही."

"अटीत इंजिनाचा उल्लेख नव्हता," बाई म्हणाल्या. "घरापासून फाटकापर्यंत, मावशीने, घाम न येता. तिन्ही बाबी पूर्ण आहेत. गणितात आम्ही उत्तर बघतो." मग त्या प्राध्यापकांकडे वळल्या. ते आपादमस्तक भिजले होते. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. बाईंनी तो काढला, आपल्या कोरड्या रुमालाने पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. "त्या लग्नवाल्याला फोन करून सांगते, नाही म्हणून."

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. हमालांनी वाजवल्या. पोलिसाने शिट्टी वाजवली. आई मागच्या काचेतून हात हलवत होती. प्राध्यापकांना वाटलं, एखादं शहर सर केल्यावर विजेत्याला असंच वाटत असेल. फक्त त्याचे बूट दोन्ही सारखे असतील.

मंडळाच्या पुढच्याच सभेत कर्नलांनी स्वतः ठराव मांडला, की मोटारीतलं सामान हा मूळ रूपाचा विषय होत नाही. ठराव मांडताना ते वरचेवर पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींकडे पाहत होते. तो एकमताने संमत झाला. कूलिंगकडे मंडळाच्या अकरा मोटारी नोंदवल्या गेल्या. उस्ताद म्हणतात, एवढी पंपाची इंजिनं मिळणार नाहीत. कूलिंग म्हणतो, त्यांना सांगा, मिळतील.

बाईंनी छोटी पांढरी गाडी घेतलीच. ती बाहेर रस्त्यावर उभी असते आणि केंद्रावर त्या तिनेच जातात. जागा मावशीची राहिली. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन खाली येतात, मावशीत बसतात आणि दार लावून घेतात. इतकं शांत आणि गार ठिकाण घरात दुसरं नाही, असं त्या म्हणतात. प्राध्यापक दोरी ओढून देतात. धुराची नळी कुंपणापलीकडे काढलेली आहे.

मोठं इंजिन अजून उघडून पाहिलेलं नाही.